नाशिकला हाफ २:१५, मग मुंबईची फुल किती? आणि पेडर रोडला नक्की होतं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४२, वजन ७२, राहायला नाशिक, दोन हिवाळे हाफ (२१ किमी) पळून झाल्यात, बेस्ट २ तास १५ मिनिटं. आता जानेवारीत टाटा मुंबई मॅरेथॉनला पहिली फुल (४२ किमी). मोबाइलवरचं कॅल्क्युलेटर ४:४१ दाखवतंय. ग्रुपमधला एक म्हणतो मुंबईसारखी मजा कुठेच नाही, दुसरा म्हणतो पेडर रोडच्या चढावर अक्षरशः रडलो, तिसऱ्याने परत कधी फुल पळणार नाही म्हणून शपथ घेतलीये. मग नक्की खरं कोणाचं, आणि ४:४१ धरून पळायचं का? शिवाय बायको आणि मुलगा बघायला येणारेत, त्यांनी उभं कुठे राहायचं?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, ठाण्यात आमचा रनिंग ग्रुप आहे, ही रेस मी स्वतः पळलेय आणि फिनिशच्या पुढच्या मेडिकल तंबूतही बसलेय. त्यामुळे पळणारे काय सांगतात तेही ऐकलंय आणि सांगायच्या अवस्थेत नसतात तेव्हा कसे दिसतात तेही बघितलंय.

तिघांचंही खरं आहे, कारण ते तिघं एकाच रस्त्यावर पण वेगवेगळ्या हवेत पळलेत. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सगळं सोपं जातं. हौशी रनर्सची फुल पहाटे ५ ला सीएसएमटीवरून सुटते. जानेवारीच्या मध्यात मुंबईत सूर्य उगवतो साधारण सव्वासातला. साडेतीन तासात संपवणारा माणूस साडेआठच्या सुमारास मेडल गळ्यात घालून केळं खात असतो, त्याने जेमतेम सव्वा तास ऊन बघितलं आणि तेही कोवळं. सव्वापाच तास घेणाऱ्याची मात्र अर्धी रेस उन्हात जाते, आणि कोणती अर्धी, तर दमलेली. त्यामुळे टायमिंग सांगितल्याशिवाय मुंबईचा अनुभव सांगणाऱ्याचं ऐकायचंच नाही असं मी आमच्या ग्रुपमध्ये सरळ सांगून ठेवलंय.

आता ४:४१ चं बघू. ते गणित चुकीचं नाहीये, हाफच्या वेळेला साधारण २.०८ ने गुणलं की हे येतं, पण त्यात हवा तीच आणि तयारी पूर्ण असं गृहीत धरलेलं असतं. तुमचे २:१५ नाशिकच्या डिसेंबरमधले, म्हणजे पहाटे १०-१२ डिग्री आणि कोरडी हवा. मुंबईत सुटताना १८-२० असतं, साडेनऊपर्यंत २६-२७ होतं आणि दमटपणा आहेच. घाम येतो पण वाळत नाही, अंगावरून नुसता ओघळतो. शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे, ओघळल्यामुळे नाही. मग गरमी बाहेर टाकायला हृदय जास्त रक्त कातडीकडे पाठवतं, पायांच्या वाट्याला कमी येतं आणि तोच पेस, म्हणजे किलोमीटरला लागणारा वेळ, ठेवला तरी ठोके चढत जातात. नाशिकला ज्या पेसला तुम्ही गप्पा मारत पळता त्याच पेसला मुंबईत २५ व्या किलोमीटरला नुसतं हो-नाही बोलायला जीवावर येतं.

म्हणून माझं स्पष्ट मत, ४:४१ सोडा. ५:१० धरा, म्हणजे किलोमीटरला ७:२० चा पेस. पहिले ५-६ किमी तर ७:३० नेच जा. तुम्हाला हे फार हळू वाटणार, मरीन ड्राइव्हला लोक भसाभस पुढे जातील, थंड वारा असेल, दोन आठवडे विश्रांती घेतलेले पाय नुसते फुरफुरत असतील आणि घड्याळात ६:३० चा पेस दिसेल. तिथेच आवरायचं. मुंबईची रेस पेडर रोडला बिघडत नाही हो, ती मरीन ड्राइव्हच्या अंधारात बिघडते, फक्त कळतं पेडर रोडला.

पेसर असतात, पाठीवर वेळेचा झेंडा लावलेले, त्यांच्या मागच्या घोळक्याला सगळे बस म्हणतात. सव्वापाचची बस दिसली तर तिच्या आगेमागे राहा. फक्त पाण्याच्या टेबलाशी बसबरोबर घुसू नका, तिथे ढकलाढकली होते आणि पडलेल्या बाटल्यांवर पाय मुरगळतो, टेबलांची रांग लांब असते, शेवटच्या टेबलावरून घ्या. आणि सुटताना गर्दीमुळे लाइन ओलांडायला दहा-पंधरा मिनिटं गेली तरी घाबरायचं कारण नाही, बिबमध्ये, म्हणजे छातीवर लावायच्या नंबरमध्ये, चिप असते आणि तिचं टायमिंग तुम्ही स्टार्ट लाइनच्या मॅटवर पाय ठेवल्यापासून सुरू होतं.

मी पळले तेव्हा रस्ता कसा होता ते सांगते, यंदाचा नकाशा बघून घ्या. सीएसएमटी, मग नरीमन पॉइंट, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजीअली, वरळी, सी-लिंक, वांद्र्याला वळून माहीम, शिवाजी पार्क, परत वरळी, हाजीअली, पेडर रोड, मरीन ड्राइव्ह आणि फिनिश परत सीएसएमटीच्या परिसरातच. पेडर रोड जातानाही लागायचा पण तेव्हा अंधारात कळायचाही नाही.

सी-लिंकला तुम्ही पोचाल तेव्हा उजाडत असेल. एरवी त्या पुलावर पायी कोणाला सोडतच नाहीत, त्यामुळे लोक थांबून फोटो काढतात, खुशाल काढा, तुम्हालाही हा फोटो आयुष्यभर पुरणारे. पण तिथे बघे नसतात, बँड नाही, ओरडणारं कोणी नाही, फक्त हजारो बुटांचा आवाज आणि समुद्रावरचा वारा. काहींना इथे एकटं वाटायला लागतं. मला स्वतःला हा रेसचा सगळ्यात सुंदर भाग वाटतो आणि शरीराची हजेरी घ्यायची हीच जागा आहे. खांदे कानाला लागलेत का, मुठी आवळल्यात का, श्वास कसा चाललाय, कुठे घासतंय का. इथे तुम्ही पूर्ण वाक्य बोलू शकत असाल तर पेस बरोबर आहे. नसाल तर आत्ताच कमी करा, माहीमला नाही.

माहीम ते शिवाजी पार्क म्हणजे खरी मुंबई. लेझीम, ढोल-ताशा, सोसायटीतल्या आज्या, शाळेची पोरं हात पुढे करून टाळी मागत उभी. इथे अंगात वारं शिरतं आणि लोक वेग वाढवतात. टाळ्या द्या, हसा, रडायला आलं तर रडा, पण घड्याळात ७:२० च्या खाली जाऊ नका. पुढे वरळीच्या आसपास, ३० किमीच्या आगेमागे, मागून गाड्यांचे सायरन ऐकू येतात आणि एलिट, म्हणजे जिंकायला आलेले व्यावसायिक रनर्स, येतात. ते तुमच्यानंतर दोन तासांहून जास्त उशिरा सुटलेले असतात. २०२३ ला इथिओपियाच्या हायले लेमीने इथे २:०७:३२ चा कोर्स रेकॉर्ड केला, म्हणजे किलोमीटरला ३ मिनिटं आणि एखादा सेकंद, सलग ४२ वेळा. हा तोच, ज्याने २०१६ ला बोस्टन जिंकली होती. बाजूने जाताना पाय जमिनीला लागल्यासारखे वाटतच नाहीत. माझ्याबरोबर पळणारी एक मैत्रीण त्यांना बघून जागच्या जागी उभी राहून टाळ्या वाजवत बसली, मी तिला ओढलं नाही, क्रिकेटच्या मैदानात मधोमध उभं राहून मॅच बघायला कोणाला मिळते? इथे मिळतं.

आता पेडर रोड. साधारण ३४-३५ किमी झालेत, घड्याळात साडेनऊ वाजायला आलेत, हाजीअलीचा सपाट रस्ता संपून चढ सुरू होतो. खरं सांगू का, चढ म्हणून तो काही विशेष नाही. नाशिकच्या माणसाला तर नाहीच, साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनवाल्यांना यवतेश्वरच्या घाटापुढे हा चढ दिसतसुद्धा नाही. पण तो येतो त्या वेळेला साठवलेलं इंधन संपत आलेलं असतं. स्नायूत आणि लिव्हरमध्ये मिळून साधारण १८०० ते २००० कॅलरीज ग्लायकोजेन असतं. ७२ किलोच्या माणसाला ४२ किमीला ३००० च्या आसपास लागतात. उरलेलं चरबीतून येतं, पण चरबी हळूहळू जळते, जितकं जोरात पळाल तितकं ग्लायकोजेन जास्त उडतं. ज्याने पहिले दहा किमी ६:३० ने मारले त्याचं ३० लाच संपतं, मग पाय शिशाचे होतात, डोकं बधिर होतं, आणि त्यात समोर चढ. वॉल लागली म्हणतात ती हीच.

तिथलं दृश्य मी विसरू शकत नाही. डाव्या-उजव्या कठड्यांना धरून माणसं पोटऱ्या ताणत असतात, कोणाच्या मांडीत गोळा आलाय, स्वयंसेवक स्प्रे मारत धावतायत, आणि चालणाऱ्यांची रांगच्या रांग. एका वर्षी तिथल्या एक आजी घरच्या स्टीलच्या डब्यात संत्र्याच्या फोडी घेऊन उभ्या होत्या, वर मीठ भुरभुरलेलं, आणि प्रत्येकाला म्हणत होत्या, "चाल बाळा, थांबू नकोस, चाल." पन्नाशीचा एक गृहस्थ ती फोड तोंडात घालून हुंदके देत होता आणि चालत होता. त्याला काही दुखत नव्हतं. साखर खाली गेली, मीठ गेलं, झोप नाही, आणि कोणीतरी प्रेमाने बोललं की असं होतं, शरीर रडून घेतं. तुमच्या मित्राला लाज वाटायचं काही कारण नाही, त्याला सांगा.

तुम्ही तिथे काय करायचं? चढ चाला. आधीच ठरवून चाला, हरलो म्हणून नाही. जेल (पाकिटातला घट्ट गोड पाक) घ्यायचं, पाणी डोक्यावर ओतायचं, हात झपाझप हलवत चढ चालून जायचं आणि केम्प्स कॉर्नरचा उतार लागला की छोटी पावलं टाकत परत पळायला लागायचं. उतारावर उड्या मारत जाऊ नका, मांड्यांचे पुढचे स्नायू इथेच फाटतात आणि चौपाटीला बसतात. आणि मनाची तयारी पेडर रोडची नका करू, त्यानंतरच्या मरीन ड्राइव्हची करा. सगळे पेडर रोडचीच भीती घालतात म्हणून पोरं सगळा जोर तिथे लावतात आणि मग समोर तो अख्खा वळसा दिसतो, सावली नाही, समुद्रावरून येणारी चमक डोळ्यात, आणि शेवट काही जवळ येत नाही. माझ्या मते हाच या रेसचा सगळ्यात अवघड तुकडा. लांब बघायचं नाही. पुढच्या दिव्याच्या खांबापर्यंत पळा, एक खांब चाला, परत दोन पळा. असंच चर्चगेट येतं, आणि तिथून वळलात की गर्दी तुम्हाला पुढे नेते.

खाण्याचं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब लागतात. एका जेलमध्ये बहुतेक २०-२५ ग्रॅम असतात, म्हणजे दर ४० मिनिटांनी एक, आणि पहिलं ४० व्या मिनिटालाच, भूक लागायची वाट बघायची नाही. जेल पोटाला मानवत नसेल तर चार-पाच साधे बी काढलेले खजूर म्हणजे साधारण एक जेल. आमच्यातली एक जण उकडलेल्या बटाट्याच्या मीठ लावलेल्या फोडी छोट्या पिशवीत घेऊन पळते, मस्त चालतं. काहीही घ्या पण लाँग रनला चार वेळा खाऊन बघितलेलं घ्या. आदल्या दोन दिवसांत भात, पोळी, खिचडी, बटाटा जरा जास्त, भाजी-सॅलड-उसळी कमी. आदल्या रात्री मुंबईच्या नातेवाइकांनी कितीही आग्रह केला तरी पावभाजी नाही!

पाणी, आणि हे नीट वाचा, कारण सव्वापाच तास पळणाऱ्यालाच याचा धोका जास्त आहे. तहान लागेल तेवढंच प्या. दर टेबलाला अर्धी बाटली संपवायची असं काही नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ रनर्सचं रक्त तपासलं तर १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं, आणि त्यात रेसमध्ये वजन वाढलेले, म्हणजे घाम गेला त्याहून जास्त प्यायलेले लोक जास्त होते. बोटं सुजणं, अंगठी घट्ट होणं, डोकं दुखणं, मळमळ, बोलण्यात गोंधळ, ही लक्षणं. अशा माणसाला डिहायड्रेशन समजून लोक अजून पाणी पाजतात आणि ते जिवावर बेतू शकतं. साध्या पाण्याबरोबर इलेक्ट्रॉलही घ्या, पण इलेक्ट्रॉल घेतलं म्हणून वाट्टेल तेवढं प्यायची मुभा मिळत नाही.

पेनकिलर तर अजिबात नको. गुडघा दुखेल म्हणून सकाळी आयब्युप्रोफेन नाहीतर डायक्लोफेनॅक खाऊन लोक उभे राहतात, मला अशा वेळी खरंच राग येतो. तासन्‌तास पळताना किडनीचं रक्त आधीच कमी झालेलं असतं, त्यावर ही गोळी म्हणजे किडनीला इजा व्हायचा धोका. इतकं दुखत असेल तर त्या दिवशी पळायचं नाही.

तुमच्याकडे अजून अकरा-बारा आठवडे आहेत, पुरेसे आहेत. आधी डॉक्टरांकडे जा, ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करून घ्या, बीपी-शुगर बघा, वडिलांना किंवा भावाला कमी वयात हार्टचा त्रास झाला असेल तर ते आवर्जून सांगा. मग आठवड्याला चार दिवस पळणं, त्यातले तीन अगदी आरामात. लाँग रन दर आठवड्याला थोडा वाढवत ३० ते ३२ पर्यंत न्या, तिथेच थांबा, ४२ करून बघायचा हट्ट नको. शेवटचा मोठा लाँग रन रेसच्या तीन आठवडे आधी, मग टेपर, म्हणजे पळणं हळूहळू कमी करत नेणं. लाँग रनचा शेवट चढावर येईल असा रूट आखा, नाशिकला चढांची कमी नाही. आणि शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत काही इझी रन पहाटे न करता सकाळी दहाला करा, जरा जाड टीशर्ट घालून. दहा-चौदा दिवसांत शरीर उकाड्याला सरावतं, घाम लवकर सुटतो, ठोके कमी चढतात. नाशिक, पुण्याच्या लोकांनी हे केलंच पाहिजे आणि नेमकं तेच कोणी करत नाही. आठवड्यातून दोनदा पोटऱ्या आणि मांड्यांचा व्यायाम, एका पायावर टाच उचलणं, स्क्वॉट, पायऱ्या. गुडघ्याच्या अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

रेसच्या दिवशी बिब मिळत नाही, आधीच्या दिवसांत बीकेसीला एक्स्पोमध्ये स्वतः जाऊन घ्यावा लागतो, म्हणून शनिवारी दुपारपर्यंत मुंबईत या आणि एक्स्पोत तीन-तीन तास उभं राहू नका. तिथे भारी बूट स्वस्तात दिसतील, ते दुसऱ्या दिवशी घालायचे नाहीत. रात्री झोप लागणार नाही, कोणालाच लागत नाही, शुक्रवारची झोप महत्त्वाची. पहाटे खास लोकल सोडतात, त्याच पकडा, गाडी घेऊन दक्षिण मुंबईत शिरायचा विचारच नको. काखेत, मांड्यांच्या आत भरपूर व्हॅसलिन, छातीवर दोन्ही बाजूंना टेप. पुरुष लाजतात आणि मग शर्टावर रक्ताचे दोन डाग घेऊन येतात.

फिनिश ओलांडली की थांबायचं नाही. तंबूत आमच्याकडे येणारे बरेचसे असेच, लाइनपर्यंत व्यवस्थित पळाले, मेडलसाठी उभे राहिले आणि खाली कोसळले. पळताना पोटऱ्या रक्त वर ढकलत असतात, एकदम थांबलं की रक्त पायातच राहतं आणि चक्कर येते. पाय वर करून झोपवलं की पाच-दहा मिनिटांत माणूस हसायला लागतो. म्हणून दहा मिनिटं चालत राहा. पण कोणी असंबद्ध बोलतोय, धडपडतोय, अंग भाजतंय, तर तो उष्माघात, तिथे घोट-घोट पाणी पाजत बसायचं नाही, लगेच मेडिकलवाल्यांना हाक मारायची आणि ते येईपर्यंत मिळेल तो बर्फ, पाणी अंगावर. छातीत दुखलं तर कितीही थोडं अंतर राहिलेलं असो, तिथेच थांबायचं. पुढच्या जानेवारीत रेस आहेच.

घरच्यांचं विचारलंत म्हणून, सीएसएमटीला फिनिशजवळ त्यांना काही दिसणार नाही, गर्दी फार. वहिनींना आणि मुलाला वेस्टर्नच्या लोकलने चर्नी रोडला उतरायला सांगा, स्टेशनातून बाहेर आलं की मरीन ड्राइव्ह समोरच. तुम्ही तिथे साधारण ३८ व्या किलोमीटरला असाल, ७:२० चा पेस टिकला तर पावणेदहा ते सव्वादहाच्या मधे. बिब नंबरवरून ऑनलाइन ट्रॅकिंग असतं, मुलाला आधीच मोबाइलवर लावून द्या, त्याला तेवढंच काम. बरोबर मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत, थंड पाण्यात भिजवलेला एक नॅपकिन आणि टोपी. आणि त्यांना सांगून ठेवा की तुमचा चेहरा कसाही दिसला तरी "अहो बसा थोडं" म्हणायचं नाही, नॅपकिन मानेवर टाकायचा आणि दोन खांबांपर्यंत बाजूने चालायचं. तेवढं पुरतं.